चेंडू शाबूत, बटण गेलं

ट्रॅकबॉल म्हणजे माउसऐवजी वापरायचं, जागेवरच ठेवून वरचा चेंडू बोटांनी फिरवायचं उपकरण. बिघडलेला ट्रॅकबॉल उघडून बघितला तर बहुतेक वेळा चेंडू ठीक असतो. सेन्सर ठीक असतो, वायर किंवा रिसीव्हरही ठीक असतो. गेलेलं असतं ते डावं बटण. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं वागतं, फाइल ओढून न्यायला गेलं की वाटेतच सोडून देतं, मजकूर निवडायला गेलं की अर्ध्या वाक्यावर थांबतं. सहा-सात हजारांचं उपकरण शंभर रुपयांच्या आतल्या स्विचपायी टेबलाच्या खणात जातं आणि खणातून पुढे कचऱ्यात. ट्रॅकबॉल पूर्वीसारखे टिकत नाहीत ही वापरणाऱ्यांची ओरड खरी आहे. पण ते नेमके कुठे कमी पडले आणि कोणाच्या निर्णयाने, हे न बघता केलेली ओरड विकणाऱ्याच्याच पथ्यावर पडते. त्याचं उत्तर तयार असतं: नवं मॉडेल घ्या.

हा चार हौशी लोकांचा प्रश्न आहे असं वाटणं साहजिक आहे. साधा माउस तीनशे रुपयांत मिळतो, मग एवढा आटापिटा कशाला? पण ट्रॅकबॉल सहसा कोणी चैनीसाठी घेत नाही. मनगट, कोपर किंवा खांदा कुरकुरायला लागला की माणूस त्याच्याकडे वळतो, कारण माउसला अख्खा हात हलवावा लागतो आणि इथे बोटं किंवा नुसता अंगठा पुरतो. वर्तमानपत्राची पानं लावणारे, जमीनमोजणीचे नकाशे काढणारे, दिवसभर हिशेबाच्या तक्त्यांत बसणारे, चित्रफितींचं संकलन करणारे असे हे लोक. शिवाय हाताला कंप असलेले किंवा खांदा नीट उचलता न येणारे. त्यांना तर दुसरा सोयीचा पर्याय सहसा नसतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला आणि दिव्यांगांच्या सोयीसुविधांचा विषय गोवा सरकारने आपण होऊन व्यासपीठावर आणला, हे चांगलंच झालं. मात्र साहाय्यक साधनं म्हटली की व्हीलचेअर, श्रवणयंत्र, ब्रेल डिस्प्ले डोळ्यांपुढे येतात. ट्रॅकबॉल कोणाच्या ध्यानीमनी नसतो. ज्याची नोकरी त्याच्यावर चालते, त्याच्या बाबतीत एकाचे दोन क्लिक होणं म्हणजे बँकेच्या पानावर भलत्याच चौकटीला होकार जाणं.

मुळात हे यंत्र नाजूक नव्हतंच. दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये, ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी रडारच्या पडद्यावर लक्ष्याचा माग ठेवायला 'रोलर बॉल' तयार केला. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या डेटार प्रकल्पात तर चेंडू म्हणून चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. जहाजावरची रडार आणि सागरी नकाशांची यंत्रं अजूनही ट्रॅकबॉलवर चालतात. मुरगाव बंदरात लागणाऱ्या मोठ्या जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, तो सहज दिसेल. सोनोग्राफीच्या यंत्राच्या मधोमधही तोच असतो. तिथे दिवसभर जेलने बरबटलेला हात त्याच्यावर फिरतो, तरी तो वर्षानुवर्षं काम देतो. वरची कडी फिरवून चेंडू बाहेर काढता येतो, खालची बैठक पुसता येते, आणि लागलाच तर तेवढा भाग बदलून मिळतो. जहाजासाठी घेताना पाणी आणि धूळ रोखणारं आयपी ६५ किंवा त्याहून वरचं मानांकन मागता येतं. टिकाऊ ट्रॅकबॉल कसा करायचा हे ज्ञान कुठे हरवलेलं नाही. ऑफिसच्या मालात ते उतरवण्याची गरज कोणाला वाटत नाही, एवढंच.

'जुनं ते सोनं' हेही मात्र डोळे झाकून मानू नये. नव्वदच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ट्रॅकबॉलमध्ये चेंडू दोन रोलर फिरवायचा. रोलरवर मळाच्या वळ्या चढायच्या आणि दर पंधरवड्याला नखाने खरवडत बसावं लागायचं. १९९५ च्या सुमारास लॉजिटेकने ठिपक्यांचा चेंडू आणि तो वाचणारा प्रकाश-सेन्सर आणला, पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली आणि ही कटकट संपली. हालचाल अचूक वाचण्यात आजचा चार हजारांचा ट्रॅकबॉल त्या काळच्या महागड्या नगाला सहज मागे टाकतो. शिवाय वीस-वीस वर्षं टिकलेले जुने नग आपल्या डोळ्यांपुढे असतात; दुसऱ्याच वर्षी मेलेले केव्हाच भंगारात गेले. एवढी सूट दिल्यावरही तक्रार उरतेच, कारण बिघाडाने जागा बदलली आहे. पूर्वीचा बिघाड मळाचा होता आणि घरच्या घरी निघत होता. आताचा सोल्डर केलेल्या स्विचमध्ये, चिकटवलेल्या तळाखाली आणि आत बंद केलेल्या बॅटरीत बसलेला आहे.

बटणाचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. वरच्या प्लास्टिकखाली १२.८ मिलिमीटर लांब, ५.८ रुंद आणि ६.५ उंच असा एक मायक्रोस्विच असतो. त्याचं झाकण ब्लेडच्या टोकाने अलगद उचललं की आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी दिसते. तिची मधली जीभ कमानीसारखी वाकवून खाचेत अडकवलेली असते. वरचा दट्ट्या दाबला की पट्टी टुक् करून खाली उडी घेते आणि तिच्या टोकावरचा चांदीचा टिकला खालच्या टिकल्याला भिडतो. धातूवर धातू आपटल्यावर तो क्षणभर थरथरतो, चालू-बंद-चालू होतो. उपकरणातलं फर्मवेअर, म्हणजे आत कायमचा बसवलेला प्रोग्राम, काही मिलिसेकंद वाट बघून ही थरथर गाळून टाकतं. टिकले स्वच्छ असेपर्यंत हे गणित जमतं. चांदीवर काळपट थर चढला की स्पर्श अर्धवट होतो, थरथर गाळणीच्या मुदतीपलीकडे जाते आणि एकाचे दोन क्लिक उमटतात. बटण दाबून धरलेलं असताना स्पर्श निमिषभर तुटला, तर ओढत नेलेली फाइल भलत्याच फोल्डरात पडते. ती नेमकी कुठे पडली हे शोधण्यात गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

हा थर चढू देण्यात रचनेचा हात आहे. या जातीचे साधे स्विच मुळात बऱ्यापैकी करंटसाठी बेतलेले असतात. करंट पुरेसा असला की टिकले जुळता-सुटताना पडणारी बारीक ठिणगी थर जाळून टाकते आणि स्विच आपला आपणच साफ राहतो. बॅटरीवरच्या ट्रॅकबॉलमध्ये वीज वाचवण्यासाठी व्होल्टेज आणि करंट इतके उतरवलेले असतात की ती ठिणगी पडतच नाही. एका पेन्सिल सेलवर दीड-दोन वर्षं चालेल अशी फुशारकी खोक्यावर छापलेली असते. तिची किंमत बटण मोजतं. उपाय कोणाला ठाऊक नाही असंही नाही. अगदी कमी करंटसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या टिकल्यांचे स्विच मिळतात. ऑमरॉन या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या डी२एफ मालिकेतले डी२एफ-०१ आणि डी२एफ-०१एफ हे त्यातले. बदलताना मागायचा तो 'एफ' जोडलेला, कारण तो पाऊणशे ग्रॅमच्या दाबाने उघडझाप करतो. नुसत्या ०१ ला त्याच्या दुप्पट जोर लागतो, आणि दुखऱ्या बोटाचा माणूस संध्याकाळपर्यंत दमतो.

खोक्यावरचा 'पन्नास लाख क्लिक' किंवा 'दोन कोटी क्लिक' हा आकडाही तपासून घ्यावा. पानं लावणारा माणूस दिवसाला पाच हजार क्लिक करतो आणि वर्षाला तीनशे दिवस बसतो असं धरलं, तर वर्षाचे पंधरा लाख होतात. त्या हिशेबाने पन्नास लाखांचा स्विच सव्वातीन वर्षं आणि दोन कोटींचा तेरा वर्षं चालायला हवा. मग दोन कोटीवाला दुसऱ्याच पावसाळ्यात का अडखळतो? तो आकडा पट्टी झिजून तुटण्याचा असतो, टिकले काळवंडण्याशी त्याचा संबंध नसतो. प्रयोगशाळेत यंत्राच्या दांड्याने सलग दाबलेला स्विच आणि ताळगावच्या ऑफिसात जून ते सप्टेंबर दमट हवा खात बसलेला स्विच, दोघांना एकच आकडा लावून कसं चालेल?

गोव्याच्या हवेचा मुद्दा यात कळीचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पावसाळ्यात ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता आणि किनारपट्टीला खारा वारा. मिठाचा सूक्ष्म थर हवेतला ओलावा ओढून घेतो आणि धातूवर धरून ठेवतो. त्यात आपली ऑफिसं. दिवसभर एसी बावीसवर, संध्याकाळी बंद, आणि झाडूवाली बाई खिडक्या उघडते तेव्हा बाहेरची ओली हवा थंडगार वस्तूंवर येऊन दवासारखी बसते. रोज एकदा हा प्रकार घडतो. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते म्हणून तिला सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायची सवय इथे घरोघरी आहे. कॉम्प्युटरच्या टेबलावरच्या वस्तूंना तो मान नाही. चवथीला आठवडाभर ऑफिस बंद राहणार असेल तर निदान सेल तरी काढून ठेवावा. अल्कलाइन सेल पाझरला की स्प्रिंगवर पांढरी खपली येते. ती विनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने विरघळते. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करायचं. हिरवट डाग स्प्रिंगवरून सर्किटच्या पाटीपर्यंत पोचला असेल तर मात्र काम कठीण आहे.

याच हवेचा दुसरा बळी म्हणजे उपकरणावरचा मऊसर रबरी लेप. नवेपणी हाताला मखमली लागतो म्हणून तो देतात. हा लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो, ओलावा त्याची रासायनिक साखळी तोडतो, आणि तीन-चार वर्षांत तो गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. वापरला नाही, खोक्यातच ठेवला, तरी होतो. तो काढायचा तर आयसोप्रोपिल आणि जुनं सुती फडकं घेऊन नेटाने घासायचं. नखं रंगवायच्या सामानातलं ॲसिटोन लावलं तर खालचं एबीएस प्लास्टिक विरघळून खड्डे पडतात. लेप निघाल्यावर खाली जे साधं, टणक, चांगलं प्लास्टिक दिसतं ते बघून प्रश्न पडतो, की हे झाकायचं कशाला होतं!

बाकीचे बिघाड त्या मानाने किरकोळ आहेत, पण त्यांच्या नावावर बटणाचं पाप खपवलं जाऊ नये म्हणून सांगतो. चेंडू खालच्या दोन-तीन मिलिमीटरच्या तीन गोळ्यांवर टेकतो. त्यांच्याभोवती त्वचेचं तेल आणि धूळ मिळून राखाडी कडं जमतं, चेंडू अडखळतो आणि लोक म्हणतात सेन्सर गेला. तळाच्या भोकातून पेनाच्या मागच्या टोकाने चेंडू वर ढकलायचा, कानातल्या काडीने तिन्ही गोळ्या आणि सेन्सरची खिडकी पुसायची, झालं. खिडकीत अडकलेला एक केसही पॉइंटरला उड्या मारायला लावतो. अगदी स्वच्छ धुतलेला चेंडू काही वेळ जड चालतो, कारण हाताचं किंचित तेल त्याला लागतंच. म्हणून आपल्याकडे कोणीतरी हमखास खोबरेलाचं बोट लावतं. लावू नये. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं आणि बावीसच्या एसीत सकाळी चेंडू मेणात बसवल्यासारखा होतो. स्क्रोलचं चाक उलटसुलट पळायला लागलं तर दोष सहसा त्याच्या एन्कोडरच्या, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणाऱ्या भागाच्या, घासलेल्या पत्र्यांचा. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने काही महिने निभतं. गंज सोडवायचा नेहमीचा तेलकट फवारा तिथे मारला तर धूळ धरून बसते. आणि वायरलेसचा पॉइंटर अडखळत असेल तर उपकरणाला नावं ठेवण्याआधी रिसीव्हर कुठे खोचला आहे ते बघावं. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. यूएसबी २ ची मीटरभराची एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर आणला की बऱ्याच 'खराब' ट्रॅकबॉलना जीव येतो.

आता दुरुस्तीचं. स्विच बदलणं हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही कारागिराच्या डाव्या हाताचं काम आहे, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या बाजारांत असे कारागीर पुष्कळ आहेत. अडतं ते आत शिरताना. स्क्रू तळाच्या चिकटवलेल्या पट्ट्यांखाली असतात; पट्टी केस वाळवायच्या यंत्राने कोमट केली नाही तर सोलताना फाटते आणि मग उपकरण टेबलावर डुगडुगतं. एखादा स्क्रू बॅटरीच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपवलेला असतो. डोकी चांदणीच्या आकाराची, टॉर्क्सची, घरातल्या पेचकसाला न जुमानणारी. वरचा आणि खालचा भाग एका पातळ पट्टीच्या केबलने जोडलेला, त्यामुळे झाकण हिसकलं की केबल गेलीच. पुढे सोल्डर. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) आणि थोडं ६०-४० चं शिसेवालं सोल्डर त्यात मिसळायचं, मग तांब्याच्या जाळीने शोषून घ्यायचं. सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर, एका पायाशी तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, नाहीतर पाटीवरचं तांब्याचं वर्तुळच उखडून येतं. स्विचला तीन पाय असतात आणि ते सारखे दिसले तरी सारखे नसतात. दट्ट्याची बाजू जुन्या स्विचप्रमाणेच ठेवायची. झाकण लावण्याआधी सेल घालून तपासायचं. स्विच शंभराच्या आत-बाहेर, मजुरी दोन-तीनशे, वेळ अर्धा-पाऊण तास. यातला निम्म्याहून जास्त वेळ पट्ट्या, स्टिकर आणि स्क्रू यांच्यात जातो.

नवा स्विच हाताशी नसेल तर जुन्याचं झाकण उघडून आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी दोन टिकल्यांमधून ओढता येते. काही महिने निघतात. पण झाकण उघडताना दट्ट्याचा तांदळाएवढा तुकडा उडाला की सापडत नाही, आणि पट्टीची जीभ खाचेतून सुटली तर परत बसवायला भिंग आणि भरपूर सबुरी लागते. सॉफ्टवेअरने दुसरा क्लिक गाळण्याचा उपायही आहे. लिनक्समध्ये माउस-कीबोर्ड हाताळणाऱ्या लिबइनपुट या भागात ती गाळणी मुळातच असते, विंडोजसाठी सुटे प्रोग्राम मिळतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असे प्रोग्राम टाकायची परवानगी कारकुनाला नसते, हा भाग वेगळा.

हे सगळं टाळता येण्यासारखं आहे का? आहे. एसूसने आपल्या काही गेमिंग माउसमध्ये स्विच सोल्डर न करता खोबणीत नुसता खोचायची सोय गेली कित्येक वर्षं दिली आहे. चार स्क्रू काढा, चिमट्याने जुना उपटा, नवा बसवा. कॅनडातल्या प्लूपी नावाच्या छोट्या उद्योगाने ट्रॅकबॉलचे आराखडे, छापायच्या भागांच्या फाइली आणि फर्मवेअर सगळं खुलं ठेवलं आहे; थरथर गाळायची मुदतसुद्धा वापरणारा स्वतः बदलू शकतो. त्यांचा माल थ्रीडी प्रिंटरचा, दिसायला रांगडा आणि आयात करायला महाग आहे, पण मूठभर माणसांच्या उद्योगाला जे जमतं ते मोठ्यांना जमत नाही यावर विश्वास कसा ठेवायचा? मोठ्यांना तशी निकडही नाही. मायक्रोसॉफ्टने हा धंदा केव्हाच सोडला, लॉजिटेकने दोन्ही हातांना चालणारा, वायरचा ट्रॅकमॅन मार्बल बंद केला. आपल्या बाजारात उरलेली नावं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ज्याला ट्रॅकबॉलच हवा तो जाणार कुठे?

इथे सरकारचा संबंध येतो, आणि तो दोन ठिकाणी येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे ते ताऱ्यांत दाखवणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये स्वीकारला. त्या अहवालात सुटे भाग वेळेवर मिळणं, उघडायला किती पायऱ्या लागतात, कुठली हत्यारं लागतात, स्क्रू कुठल्या जातीचे आहेत, हे सगळे निकष आहेत. वर ज्या ज्या गोष्टींची रड आहे, नेमक्या त्याच! पण पहिल्या टप्प्यात तो मोबाइल आणि टॅब्लेटपुरता आहे. कीबोर्ड, माउस, ट्रॅकबॉल त्यात नाहीत. उलट २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते कॉम्प्युटर मोजताना त्याची इनपुट साधनंही धरतात. म्हणजे फेकताना ट्रॅकबॉल कायद्याला दिसतो आणि दुरुस्त करताना दिसत नाही. ही विसंगती काढायला नवा कायदा लागत नाही, निर्देशांकाच्या यादीत एक ओळ वाढवावी लागते. निर्देशांकाची कक्षा वाढवा असं केंद्राला लिहायला गोवा सरकारला कोणी अडवलेलं नाही, आणि या हवेत उपकरणं कशी मरतात हे सांगायला याच्याहून योग्य राज्य नाही.

दुसरी जागा खरेदीची. सचिवालयापासून पंचायतीपर्यंत, महाविद्यालयांपासून दिव्यांग आयोगापर्यंत संगणकसामग्री घेतली जाते ती निविदेने किंवा सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून. तपशिलात डीपीआय (चेंडू इंचभर फिरला की पॉइंटर किती ठिपके सरकतो तो आकडा) किती, वायरलेस आहे का, वॉरंटी किती, एवढं विचारलं की काम भागलं असं मानतात. डीपीआय हा तर निव्वळ दिखाऊ आकडा आहे. ऑफिसच्या कामाला हजार-दीड हजार पुष्कळ झाले. त्याऐवजी विचारायचं ते असं, की बटणाचा स्विच प्रमाणित तीन पायांचा आणि बदलता येण्याजोगा आहे का, टिकले कमी करंटसाठी बनवलेले आहेत का, तळाच्या पट्ट्या न फाडता उपकरण उघडतं का, चेंडू आणि टेकू-गोळ्या पाच वर्षं सुट्या मिळतील का. रबरी लेप नको, हे सरळ लिहावं. टेबलावरून न हलणाऱ्या जागी वायरचाच घ्यावा. सेलची, रिसीव्हरची आणि वीज वाचवण्याच्या त्या काटकसरीची भानगडच राहत नाही. बॅटरी आतच असेल तर ती स्क्रूच्या कप्प्यात असावी. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देणं बंधनकारक होतं आहे, तेव्हा तसा माल निघणारच आहे. तो आपल्याकडे यावा एवढं बघायचं.

गोव्यासारख्या पंधरा लाखांच्या राज्याचं कोण ऐकणार, असा आक्षेप घेतला जाईल. कारखाना ऐकणार नाही, हे मान्य. वितरक ऐकतो. एकाच कंपनीच्या यादीत लेप असलेलं आणि नसलेलं, वायरचं आणि सेलचं अशी दोन्ही मॉडेलं असतात. कुठलं आणायचं हे वितरक निविदा बघून ठरवतो. दुसरा आक्षेप किमतीचा. सोन्याच्या मुलाम्याचा स्विच किरकोळीत साध्यापेक्षा थोड्या रुपयांनी महाग पडतो, ठोकात त्याहून कमी. सात हजारांच्या वस्तूत तो फरक कोणाला दिसणारही नाही. तिसरा आक्षेप, की दुरुस्ती करणार कोण? पणजीत आल्तिनोवर सरकारी पॉलिटेक्निक आहे, तालुक्यांत आयटीआय आहेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना सोल्डरिंगचा सराव हवाच असतो. सरकारी कार्यालयांतले मेलेले माउस आणि ट्रॅकबॉल दर सत्राला त्यांच्या टेबलावर जाऊ द्यावेत. परीक्षेसाठी फुकट सर्किट मिळतं आणि खात्यांना वस्तू परत मिळते. वॉरंटीतला माल मात्र तिथे पाठवू नये. सील तुटल्याचं निमित्त विकणाऱ्याला आयतं मिळतं.

वॉरंटीचीही एक मेख आहे. डबल क्लिकचा दोष कायमचा नसतो, येतो-जातो. कोरड्या, एसीच्या सर्व्हिस काउंटरवर दहा वेळा दाबून 'सगळं व्यवस्थित आहे' असं सांगून वस्तू परत हातात देतात. म्हणून वॉरंटीच्या अटींत हा दोष नावानिशी लिहून घ्यावा आणि तो कसा तपासायचा तेही तिथेच ठरवावं. क्लिक मोजणारं कुठलंही साधं पान उघडायचं, सेकंदाला एक या बेताने डावं बटण दोनशे वेळा दाबायचं. दोनशे एक उमटले तरी नग सदोष. मग पडद्यावर एक फाइल धरून बटण न सोडता अर्धा मिनिट चेंडू फिरवत राहायचं. मध्येच सुटली तरी सदोष. माल ताब्यात घेताना प्रत्येक खोक्यातला एक नग असा तपासायचा, आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी, शक्यतो जुलै-ऑगस्टात, एसी बंद ठेवून, सगळेच्या सगळे.